'ठीक' अकरा वाजता

आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकांतला 'ठीक' हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'कार्यक्रम ठीक ११ वाजता सुरू होईल,' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. तो अकराला सुरू होणार नाही हे छापणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्याला ठाऊक असते आणि ज्यांच्या हस्ते उद्‌घाटन व्हायचे त्या पाहुण्यांना तर सर्वांच्या आधी ठाऊक असते. अकराला मांडवात सतरंज्या अंथरणे सुरू होते. बाराला ध्वनिक्षेपकवाला 'हॅलो, हॅलो' म्हणू लागतो. एक-दीडला मोटारींचा ताफा येतो आणि 'अत्यंत व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून' आल्याबद्दल पाहुण्यांचे जाहीर आभार मानले जातात. तीन तास ज्यांनी आपला वेळ घालवला त्या पाचशे माणसांचे आभार मानावेत असे मात्र कुणाला सुचत नाही. उशीर हे आपल्याकडे मोठेपणाचे माप झाले आहे. जो जितका उशिरा येईल तितका तो मोठा!

भंडारा जिल्ह्यातल्या शाळांत मी तीसेक वर्षे मास्तरकी केली. त्यातली बरीच वर्षे एन.सी.सी.चे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे 'ठीक' मी फार जवळून पाहिले आहे. पाहुण्यांना मानवंदना द्यायला पोरे हवीत, म्हणून कॅडेट दहापासूनच रांगेत उभे. अशाच एका समारंभात नववीतली एक मुलगी उन्हात भोवळ येऊन पडली. तिला सावलीत नेले, तोंडावर पाणी मारले, आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. पाहुणे आले तेव्हा रांग पूर्ण होती. त्यांना काही कळलेही नाही. मला तेव्हापासून वाटत आले आहे, की उशिराची किंमत उशीर करणारा कधीच मोजत नाही. ती नेहमी दुसराच कुणीतरी, उन्हात उभा राहून मोजत असतो.

याच पोरांपैकी काही पुढे फौजेत गेली. आमच्या भागात हे नवे नाही. साकोली-लाखनीकडे, तुमसर-मोहाडीकडे कुठेही पहाटे रस्त्याला लागा, अंधारात पोरे धावताना दिसतील. भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटरची धाव असते आणि ती साडेपाच मिनिटांच्या आत संपवली तरच पूर्ण गुण मिळतात. काही सेकंद जास्त लागले की गुण घसरतात, आणखी लागले की पोरगा सरळ घरी. २०२२ पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी आली, त्या योजनेबद्दल घरोघरी मतभेद आहेत. पण पहाटेचे धावणे काही थांबलेले नाही. ज्या गावात ग्रामसभा दोन तास उशिरा भरते, त्याच गावातला पोरगा सेकंदांचा हिशेब करत असतो. एकाच मातीत ही दोन घड्याळे कशी चालतात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

माझा एक जुना विद्यार्थी असाच भरती झाला. रजेवर आला की हटकून भेटायला येतो. एका उन्हाळ्यात त्याच्या चुलत बहिणीचे लग्न होते. हळद मंगळवारी, लग्न बुधवारी. आणि हा सोमवारच्या गाडीने वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून निघालेला. आई रडत होती, काका रुसले होते. 'दोन दिवस उशिरा गेला तर काय सरकार बुडते का?' असे सगळ्यांचे म्हणणे. मीही त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, माह्या रजेचा शेवटचा दिवस म्हणजे तिकडं दुसऱ्या कोणाच्या रजेचा पहिला दिवस असते जी. मी पोचल्याबिगर तो निघत नाही. त्याच्या घरीही लगनच असंल."

इतक्या साध्या शब्दांत वक्तशीरपणाची व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. आपण समजतो, की फौजेत शिक्षेच्या भीतीने सगळे वेळेवर होते. शिक्षा आहेच, परवानगीवाचून रजेहून जास्त राहणे हा लष्करी कायद्याने गुन्हा आहे. पण नुसत्या भीतीवर कोणतीही शिस्त फार दिवस टिकत नाही. तिथे प्रत्येकाच्या उशिराला एक चेहरा असतो. पहाऱ्यावरचा जवान आपल्या बदलीची वाट पाहत असतो. बदली दहा मिनिटे उशिरा आला, तर थंडीत ती दहा मिनिटे दुसऱ्याच्या हाडांत शिरतात. म्हणूनच दिलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी हजर होणे ही तिथली रीत आहे. सहाची परेड म्हणजे सहाला घरून निघणे नव्हे. सहाला बुटांचे बंद बांधून, हत्यार पुसून, रांगेत उभे असणे म्हणजे सहाची परेड.

आणि इथेच वेळ आणि तयारी यांची गाठ पडते. मोर्चावर पहाटे आणि तिन्हीसांजेला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, सारी तुकडी हत्यारांनिशी आपापल्या जागी सज्ज उभी राहते. याला 'स्टँड टू' म्हणतात. त्या धूसर वेळेत हल्ला होण्याचा संभव अधिक, म्हणून ही रीत पडली. रोज हल्ला होतो का? नाही. तीनशे दिवस काही होत नाही. पण उभे राहायचे ते तीनशे एकाव्या दिवसासाठी, आणि तो दिवस कोणता हे आधी कुणी कळवत नाही.

हे न केल्यास काय होते, ते आपण १९६२ साली पाहिले. त्या वर्षी २० ऑक्टोबरला पहाटे नामका चू नदीच्या काठी चिनी फौजांनी हल्ला केला. आपले जवान जागेवर होते. ते उशिरा आले नव्हते. उशीर झाला होता तो त्यांच्या मागच्यांना. हिमालयाच्या थंडीत त्यांच्या अंगावर उन्हाळी कपडे होते, गोळ्या मोजक्या होत्या, हातात जुन्या '३०३' बंदुका होत्या. शौर्यात ते तसूभर कमी पडले नाहीत, पण शौर्य हा गरम कोटाला पर्याय होऊ शकत नाही.

आणि हे कुणाला दिसलेच नव्हते असेही नाही. दिसले होते ते आपल्याच एका मराठी सेनापतीला. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे मूळचे कोल्हापूर भागातले. सँडहर्स्टला शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर कांगॉच्या लढाईत आपल्या पलटणीचे नेतृत्व केलेले. पूर्व विभागाचे सेनाप्रमुख असताना, १९५९ च्या ऑक्टोबरात त्यांनी चीनकडून ईशान्येस काय होऊ शकेल आणि ते अडवायला किती फौज, किती सामग्री लागेल, याचा आराखडा वर पाठवला. नंतर मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा मांडून दाखवले. त्या कागदांना वर दाद मिळाली नाही. १९६१ साली थोरात निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी, त्यांनी वर्तवले होते बरेचसे तसेच, सारे घडले. अडीच-तीन वर्षे हाताशी होती. लढाई आपण एका पहाटे हरलो असे म्हणतो; खरे तर ती फायलीत पडून राहिलेल्या त्या वर्षांत हरलो होतो. थोरातांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावाचा अर्थ 'पहाटेच्या बिगुलापासून संध्याकाळच्या बिगुलापर्यंत' असा होतो. फौजी माणसाचे आयुष्यच दोन बिगुलांत मोजलेले असते. पण त्यांचा एक बिगुल दिल्लीत कुणी ऐकला नाही एवढे खरे.

याच्या उलट उदाहरण १९७१ चे. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि लगेच सैन्य घुसवावे असा आग्रह होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये जनरल माणेकशा यांनी 'आत्ता नाही' असे स्पष्ट सांगितले. पावसाळा तोंडावर होता, तिथल्या नद्यांना पूर येणार होते, तुकड्या लांबलांब विखुरलेल्या होत्या. त्यांनी वेळ मागून घेतला. मग रस्ते, पूल, रसद, दारूगोळा, सगळ्याची जुळवाजुळव झाली. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. तेरा दिवसांचे युद्ध म्हणून आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण त्या तेरा दिवसांच्या पोटात आधीचे आठ महिने होते. वक्तशीर असणे म्हणजे घाई करणे नव्हे, हा त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो. घाई आणि उशीर ही एकाच आळसाची दोन पिल्ले आहेत. ज्याने वेळेवर तयारी केली नाही तोच शेवटी धावतो.

हा धडा भंडाऱ्याला समजावून सांगायची खरे तर गरज पडू नये. शहरापासून जवळच जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे. बासष्टच्या धक्क्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, देशात दारूगोळ्याचे नवे कारखाने उभारले गेले, त्याच काळात, १९६४ साली, हा कारखाना आला. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरे या कारखान्यावर उभी राहिली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे. तोफा-बंदुकांना लागणारी दारू आणि स्फोटके तिथे तयार होतात. सीमेवरच्या जवानाची सज्जता ही अशा ठिकाणच्या कामगाराच्या हातात सुरू होते.

स्फोटकांच्या कारखान्याची शिस्त ही छावणीच्या शिस्तीहून कडक असते. फाटकावर काडेपेटी काढून घेतात. कपडे आणि बूट ठरलेले. एकेका इमारतीत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे आणि किती माल असावा, याची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. इमारती एकमेकींपासून दूर, मध्ये मातीचे बांध. हे सगळे कशासाठी? काही बिघडलेच, तर ते एका जागी थांबावे यासाठी. इथे घाईला जागा नाही. पाळी सुटायची वेळ झाली म्हणून हात भराभर चालवायचे, हे तिथे चालत नाही.

आणि ही समज काही इंग्रजांकडून उसनी आणलेली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त गडांच्या व्यवस्थेबद्दल जे लिहिले आहे, ते मुळातून वाचावे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा; ठरावीक दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू-बाण बाहेर काढावे, त्यांना ऊन द्यावे, पुन्हा नीट बंदोबस्तात ठेवावे, अशा बारीकसारीक सूचना त्यात आहेत. वेढा पडल्यावर दारू सुकवायला वेळ मिळत नाही, ही साधी गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. आपण गडावर जाऊन घोषणा देतो. पण त्या गडावरची दारू दर काही दिवसांनी उन्हात घालणारा जो कुणी हवालदार होता, त्याचे नाव इतिहासात नाही. गड टिकला तो त्याच्यामुळेही.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी जवाहरनगरच्या त्या कारखान्यात स्फोट झाला. एका विभागाचे छत कोसळले आणि किमान आठ कामगार गेले. दोन दिवसांवर प्रजासत्ताक दिन होता. कारणमीमांसा करणे हे तज्ज्ञांचे काम आहे, आणि गेलेल्या माणसांच्या माथी बसल्या जागी दोष मारणे हे तर पाप. पण गणवेश घातलेला नसला तरी ही माणसे देशाच्या संरक्षणाच्याच कामावर गेली होती. सीमेवरच्या मरणाला आपण हुतात्म्याचे मरण म्हणतो. सकाळी डबा घेऊन पाळीवर गेलेल्याच्या मरणाला काय म्हणायचे, हे अजून आपले ठरलेले नाही. निदान एवढे तरी ठरावे, की जिथे दारूगोळा तयार होतो तिथली सज्जता ही सीमेवरच्या सज्जतेइतकीच अव्वल असली पाहिजे, आणि उत्पादनाचा आकडा व तारीख गाठण्याच्या नादात तिच्यातला एकही कवडसा झाकला जाता कामा नये.

भंडाऱ्याच्या पंचांगात जानेवारीतली आणखी एक काळी तारीख आहे. ९ जानेवारी २०२१. मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष कक्षात आग लागली. १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. साऱ्या देशाच्या तोंडी त्या दिवशी आमच्या जिल्ह्याचे नाव होते. असे नाव कुठल्याही गावाच्या वाट्याला येऊ नये. मग राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला, नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरला, अतिदक्षता विभागांना आगी लागून माणसे दगावली. आदेश निघणे आणि तयारी होणे यांत किती अंतर असते ते याहून वेगळे काय सांगावे? फौजेत हुकूम सुटल्यावर तो पाळला गेला की नाही, हे पाहणारा एक माणूस असतो. तो जाऊन बुटाचा तळवा उलटा करून पाहतो. आपल्याकडे हुकूम सुटला, की त्याची प्रत फायलीला लागते आणि सगळ्यांना हायसे वाटते.

कुणी म्हणेल, "मास्तर, साऱ्या देशाची काय छावणी करायची आहे? सामान्य माणसाला थोडी ढिलाई हवीच." हे म्हणणे मला मान्य आहे. रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेत हा लेख वाचणाऱ्याला मी बिगूल वाजवून उठवू इच्छित नाही. नागरी जीवनात मोकळेपणा हवा, हुकूमशाही नको. पण शिस्त म्हणजे केवळ हुकूम, ही समजूतच चुकीची आहे. आमच्या धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याला कोणता सुभेदार हुकूम देतो? तरी मृगाच्या आधी त्याची बांधी नीट झालेली असते, बियाणे काढून ठेवलेले असते. पाऊस येताच पऱ्हे टाकायचे, ते तीनेक आठवड्यांत रोवणीला येतात. रोवणी लांबली की पीक घटले. पाऊस काही 'व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून' येत नाही, आणि शेतकऱ्याची वाट पाहत मांडवात थांबतही नाही. आमच्या जिल्ह्यातले जुने मालगुजारी तलाव पाहा. पाळ कोरड्या दिवसांत दुरुस्त करायची, पाटातला गाळ पावसाआधी काढायचा, हे गावाने मिळून करायचे काम होते. पुढे तलाव सरकारी झाले, 'आपण' जाऊन 'ते' आले, आणि गाळ साचत राहिला. तेव्हा वक्तशीरपणा आणि सज्जता ही आपल्या रक्तात नाही, हे खोटे आहे. ती शेतात आहे, स्वयंपाकघरात आहे, भरतीसाठी धावणाऱ्या पोरात आहे. ती नाही ती फक्त मांडवात, कचेरीत आणि सार्वजनिक कामात. म्हणजे जिथे उशिराची किंमत दुसऱ्याने मोजायची असते तिथे.

वैनगंगेनेही हे आम्हाला शिकवले आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातून आलेल्या पाण्याने नदी फुगली, गोसीखुर्दची सारी ३३ दारे उघडावी लागली आणि भंडारा शहरातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. वरून सुटलेले पाणी खाली पोचायला वेळ लागतो. तेवढाच वेळ आपल्या हाती असतो. त्या वेळात निरोप पोचला, नाव जागेवर असली, कुणाच्या घरी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले आहे याची यादी हाताशी असली, तर पूर हे संकट राहते. नसली तर ते अरिष्ट होते.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. ९ जानेवारी आणि २४ जानेवारी, या दोन तारखा भंडारा जिल्ह्याने सरावासाठी राखून ठेवाव्यात. पुष्पचक्रे वाहावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. ९ तारखेला जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयात आणि शाळेत आगीचा सराव व्हावा. अग्निशामक नळकांड्यांवरची मुदतीची तारीख मोठ्याने वाचली जावी. दाराला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला आणि शिपायालाही ठाऊक असल्याची खात्री करावी. २४ तारखेला प्रत्येक कारखान्याने, राइस मिलने, खाणीने तेच करावे. याला निधी फारसा लागत नाही, उद्‌घाटक तर मुळीच लागत नाही. शाळांत ही तपासणी एन.सी.सी.च्या पोरांकडे द्या. समारंभात उन्हात उभे करण्यापेक्षा ते काम त्यांना शंभर पटींनी शोभेल आणि आवडेलही.

आणि घराघरांतून एवढे व्हावे, की पाहुणे आले नाहीत तरी पत्रिकेवरच्या वेळेला कार्यक्रम सुरू करणाऱ्या संयोजकाला आपण टाळ्या द्याव्यात. दोन-चार वेळा रिकाम्या खुर्चीसमोर दीप पेटला, की खुर्चीवाले आपोआप वेळेवर येऊ लागतील. फक्त त्या दिवशी आपण स्वतः अकराला पाच कमी असताना सतरंजीवर बसलेले असायला हवे.